तिसरीचा परवचा

आमच्या शाळेतल्या परवचाबाई डोळे मिटून शिकवायच्या, हे त्यांच्या हाताखालून गेलेलं बदलापुरातलं कुठलंही माणूस सांगेल. मीही सांगत आलो. निरोप समारंभात सांगितलं, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सांगितलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्यापुढचं जे सांगायला हवं होतं ते मात्र मी दरवेळी गिळलं. आता शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषयही दिला आहे : ‘वर्गातली जुनी पद्धत आणि नवं तंत्रज्ञान, आपण साधलेला समतोल’. या विषयावर मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. खरं असं आहे की समतोल मी साधलाच नव्हता. तो बाईंना ठाऊक होता आणि मी तो मोडला. म्हणून मागितलेल्या लेखाऐवजी हे पाठवतो आहे. छापायचं की नाही ते संपादक मंडळाने ठरवावं.

मी मुख्याध्यापक होतो आणि बाई वर्षानुवर्षं तिसरीच्या वर्गशिक्षिका. त्यांच्या वर्गाचा शेवटचा तास परवच्याचा. दप्तरं भरून बाकावर ठेवायची, हात मांडीवर घ्यायचे आणि सबंध वर्गाने एका सुरात सुरुवात करायची. मराठी महिने, तिथी, नक्षत्रं, मग पाढे, पावकी, निमकी, आणि शेवटी एखादी कविता. बाई रांगांमधून डोळे मिटून चालत. पदर कमरेला खोचलेला, एक हात बाकांच्या कडेवरून सरकत जायचा. चालता चालता मधेच थांबत, अचूक एका खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, “तुझा आवाज आला नाही. पुन्हा म्हण. मी थांबलेय.” मग सगळा वर्ग थांबायचा. ज्याच्या खांद्यावर हात असे तो खरोखरच नुसते ओठ हलवत असायचा. त्याचा आवाज येईपर्यंत बाईंचा हात तिथून हलत नसे. त्या रागावत नसत, घाई करत नसत. मुलाला वाटायचं, आपला आवाज आल्याशिवाय आज शाळा सुटणार नाही. आणि ते तसंच होतं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, “एवढ्या गोंगाटात तुम्हाला कळतं कसं?”

“भातात खडा आला तर दाताला कळतो ना सर? इथे खडा नसतो, भोक असतं. पोर गप्प बसलं की सुरात तेवढं भोक पडतं. डोळे उघडे असले की पोरांचे चेहरे दिसतात आणि चेहरे फसवतात. म्हणून मिटून घेते.”

एक मुलगा तर शपथेवर सांगू लागला होता, “बाई, मी म्हणत होतो, देवाशप्पथ म्हणत होतो!” बाई डोळे न उघडता म्हणाल्या, “देवाला नको मधे घेऊस, त्याला साताचा पाढा येतो. तुला येतो का ते बघू.” तो मुलगा आज अंबरनाथला मोठं मेडिकल चालवतो. हिशेब करताना अजून ओठ हलतात म्हणे त्याचे, पण आता आवाजही येतो.

नवे पालक त्यांना मॅडम म्हणू लागले तेव्हा त्यांनी हसून हात जोडले. “मॅडम म्हटलं की मला वाटतं, माझ्या मागे दुसरं कोणी उभं आहे. बाईच म्हणा.” शेवटपर्यंत त्या बाईच राहिल्या. त्या आमच्या शेजारच्याच एका खेड्यातल्या शेतकरी घरातल्या. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण एखादं खेड्यावरचं पोर घाबरून गप्प झालं की त्याच्याच बोलीत त्याच्या कानाशी काहीतरी सांगायच्या आणि ते खुदकन हसायचं.

मांजर्लीला त्यांचं तळमजल्याचं घर होतं. एका पावसाळ्यात उल्हास नदी घरात शिरली आणि गादीपासून गॅसपर्यंत सगळं चिखलात गेलं. शाळा उघडली त्या दिवशी त्या शेजारणीची साडी नेसून आल्या. मुलांसाठी हाताने केलेले तक्ते, अक्षरांच्या पट्ट्या, चित्रं, आयुष्यभराचा तो सगळा पसारा वाहून गेला होता. मी म्हटलं, “बाई, दोन दिवस रजा घ्या.” त्या म्हणाल्या, “तक्ते भिजले, पाढे नाहीत भिजले. घरी बसून चिखल बघण्यापेक्षा इथे बरं.” त्या संध्याकाळी मी व्हरांड्यात उभा राहून तिसरीचा परवचा ऐकला. बाहेर रस्त्यावर चिखलाचे ढीग होते आणि आत मुलं नक्षत्रं म्हणत होती. शाळा म्हणजे काय असते, हे मला त्या दिवशी कळलं होतं असं मी पुढे भाषणांत म्हणायचो. कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

मराठी शाळांचे दिवस तेव्हा फिरले होते. शिरगावकडे इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि त्यांतली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळांत जात होती. आमची एक तुकडी बंद पडली होती आणि दुसरी पडायच्या बेतात होती. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांची बदली कुठे होईल ते सांगता येत नाही. मी रोज सकाळी पटावरची नावं पुन्हा पुन्हा मोजायचो. अशात उल्हासनगरचे एक सिंधी शेठ देवासारखे भेटले. जीन्स शिवण्याचा त्यांचा कारखाना होता. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीने आले, वर्ग बघितले आणि म्हणाले, “साईं, हम रिफ्यूजी कॅम्प के लोग. हमारे टाइम में बेंच भी नहीं था, गोणी पे बैठते थे. तुमचा बच्चा लोक गोणीवर नाय बसला पायजे. अच्छी चीज लगाओ, मैं देता हूँ.”

त्यांनी खरंच दिलं. मुंबईच्या एका कंपनीशी बोलून वर्गावर्गात भिंतीएवढे पडदे बसवले आणि मुलांसाठी टॅब आणले. पडदे लावण्यासाठी सिमेंटचे जुने फळे निम्मे झाकावे लागले. मला वाटलं, परवचाबाई आता नाक मुरडणार. झालं उलटंच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या पडद्यावर चंद्राच्या कला दाखवल्या. मी दारात उभा होतो. मुलं आ वासून बघत होती आणि मुलांमागे बाईही आ वासून बघत होत्या. तास संपल्यावर माझ्याजवळ आल्या, चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता.

“सर, हे भारी आहे हो! इतकी वर्षं मी लिंबू आणि बॅटरी घेऊन चंद्र शिकवतेय. निम्म्यांना लिंबूच दिसायचं.”

“म्हणजे तुम्हाला आवडलं तर.”

“आवडलं म्हणजे काय! समुद्राच्या तळाचं काही आहे का यात? तेवढं मला काढून द्या.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पण वजाबाकी आणि वाचन यावर नको, सर. दाखवायचं ते पडद्यावर दाखवावं. बसवायचं ते तोंडात आणि हातातच बसवावं लागतं.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढे ते माझ्या नावावर लागलं.

अडचण अशी झाली की कंपनीला रोज किती वेळ टॅब चालले ते मुंबईत बसून दिसायचं. त्यावर पुढच्या वर्षीची मदत ठरणार होती. आमचा आकडा कमी पडत होता. शेठचा फोन आला, “मास्तरजी, वो मुंबईवाला रोज मेरे को पूछता है. टॅब कपाट में सोया तो मैं क्या बोलूँ? मेरी भी इज्जत है ना.” त्यांचं चुकलं नव्हतं. मी वेळापत्रक उघडलं आणि कुठे जागा आहे ते पाहिलं. परवचा कुठल्या अभ्यासक्रमात नव्हता, त्याचे गुण नव्हते, त्याची नोंद नव्हती. मी तो तास टॅबला देऊन टाकला.

बाई ऑफिसात आल्या, उभ्याच राहिल्या. “सर, अर्धा मला ठेवा. अर्धा टॅबला घ्या. मी भांडायला आले नाही, नुसता अर्धा मागतेय.”

“बाई, अर्ध्याने भागत नाही. मुंबईत घड्याळ दिसतं त्यांना.”

“पोरं मुंबईत नाही दिसत ना पण.”

“तुकडी गेली तर पोरंही नाही दिसणार. मग कुणाला शिकवाल?”

त्यांनी टेबलावरचं वेळापत्रक माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, “तुम्ही प्रमुख आहात. सांगाल तसं करीन.” आणि त्यांनी खरंच तसं केलं. दुसऱ्या कुणी दार लावून गुपचूप चालू ठेवला असता. त्यांनी तेही केलं नाही. पहिल्या दिवशी शेवटचा तास झाला तेव्हा मुलांनी सवयीने सुरू केलं, “चैत्र, वैशाख, ज्येष्ठ...” मी खिडकीतून पाहिलं. बाई वर्गाच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. ज्या बाई एकेका गप्प पोराचा आवाज काढण्यासाठी सगळा वर्ग थांबवायच्या, त्या बाई वर्गाला गप्प करत होत्या. मुलं आषाढापर्यंत येऊन थांबली. मी तिथून निघून गेलो.

महिन्या-दोन महिन्यांतच आमचे निकाल चमकू लागले. टॅबवर रोज प्रश्न येत, उत्तर बरोबर आलं की मुलाच्या नावापुढे हिरवा ठिपका येई. तिसरीचा सगळा वर्ग हिरवा झाला होता. मी तो कागद छापून नोटीस बोर्डावर लावला. त्याच आठवड्यात बाई मला हाताला धरल्यासारखं करून वर्गात घेऊन गेल्या. मुलं टॅबमध्ये डोकं घालून बसली होती.

“डोळे मिटा, सर.”

“बाई, हे काय...”

“मिटा तर. नुसतं ऐका.”

मी डोळे मिटले. वर्गभर बारीक बारीक आवाज येत होते. टुक, टुक, टिंग. टुक, टिंग. टुक, टुक, टुक, टिंग.

“चुकलं की टुक वाजतं,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “आणि चुकीचं उत्तर नाहीसं होतं. मग उरलेल्यावर मारायचं. टिंग वाजलं की हिरवा. ही पोरं प्रश्न वाचत नाहीत, सर. ही टिंग शोधतायत. एकदा, एकदाच हे बंद करून त्यांच्यासमोर साधं पुस्तक ठेवा.”

मला ऐकू आलं होतं. आज हे लिहिताना मी कुठलीही सबब सांगणार नाही. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मी म्हटलं, “हळूहळू बसेल घडी,” आणि बाहेर आलो. नोटीस बोर्डावरचा हिरवा कागद मी काढला नाही.

त्यानंतर बेलवलीहून एक आजी शाळेत आली. तिची नात प्राची तिसरीत होती. आजी ऑफिसच्या उंबऱ्यावरच बसली. “गुरुजी, माजे नातीला वाचता येत नाय. त्या टॅपवर सगला हिरवा हिरवा येतंय, नि देवलातली पाटी वाचाला लावली तं माज्या तोंडाकरं बगत बसते. आमचे येलेला बाई म्हनून घ्यायची पोरांकरून, आता का नाय घेत?” मी तिला पाणी दिलं, प्राची हुशार आहे असं सांगितलं. जाताना ती बाईंच्या वर्गाच्या दाराशी थांबली. दोघींमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण बाईंनी तिला “सरांनी बंद केलं” असं सांगितलं नाही, एवढं नक्की. कारण दुसऱ्या दिवसापासून पालकांत बोललं जाऊ लागलं की बाई आता थकल्या, पहिल्यासारखं शिकवत नाहीत, नव्याशीही त्यांचं जमत नाही.

वर्ष संपताना संस्थेने आपल्याच दुसऱ्या शाखेतल्या शिक्षकांना पाठवून सगळ्या वर्गांची तपासणी केली. साधी तपासणी होती. मुलाला समोर बसवायचं, छापील उतारा वाचायला द्यायचा, कागदावर हातच्याची वजाबाकी घालायची. तिसरीचं पितळ उघडं पडलं. ज्या वर्गाचं संस्थेत नाव होतं, त्यातली निम्मी मुलं उताऱ्याच्या पहिल्या ओळीतच अडकली. काही जण म्हणे कागदावरच्या वेगवेगळ्या शब्दांवर बोट दाबून बघत होती.

संस्थेच्या ऑफिसात बैठक बसली. अध्यक्ष अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. शेठही आले होते. बाईंना बोलावलं होतं, त्या माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अध्यक्षांनी विचारलं, “बाई, तुमच्या वर्गाचं असं कसं झालं? तुम्ही मुलांना नव्या पद्धतीपासून लांब ठेवलंत, अशी पालकांची तक्रार आहे. खरं काय ते सांगा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आरोप करणारी नजर नव्हती ती. त्यांची अगदी साधी समजूत होती की सर आता सांगतील. परवचा कुणी बंद केला, का केला, कुणी सावध केलं होतं, हे सगळं सांगायला सर बसलेले आहेत, मग आपण कशाला बोलायचं? त्या थांबल्या. वर्गात थांबायच्या तशाच थांबल्या.

आणि मी म्हणालो, “बाई फार अनुभवी आहेत. पण त्यांना नव्याचं जमलं नाही.”

खोटं इतकंच होतं. एका वाक्याचं. मनात काय चाललं होतं तेही सांगतो. मला वाटलं, दोष पडद्यांवर गेला तर शेठ दुखावतील, मदत थांबेल, तुकडी जाईल. दोष माझ्यावर आला तर माझी निवृत्ती डागाळेल. बाई सोसतील. बाईंना सोसायची सवय आहे. एवढा सगळा विचार एका क्षणात झाला. माणूस एरवी इतक्या झटपट विचार करत नाही.

शेठच बिचारे म्हणाले, “जाने दो साहब. पुराने लोग हैं, मशीन से डरते हैं. चलता है.” मशीनला न घाबरणारी त्या खोलीतली एकमेव व्यक्ती खाली मान घालून पदराचं टोक सरळ करत होती. मग तिने मान वर केली आणि अध्यक्षांना म्हणाली, “पुढे काय करायचं ते सांगा.” माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

तिसरीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्यांना टॅबच्या खोलीची देखरेख दिली, म्हणजे सकाळी टॅब मोजून द्यायचे, संध्याकाळी परत घेऊन चार्जिंगच्या कपाटात लावायचे. त्यांनी ते कामही असं केलं की बघत राहावं. जुन्या सुती साडीचे तुकडे करून आणले आणि रोज सगळे टॅब पुसून ठेवायच्या. तरुण शिक्षकांचा टॅब अडला की ते बाईंकडेच धावायचे. “बाई, हे अडकलंय.” “अडकलं नाही रे, तूच घाई करतोस. थांब जरा, त्यालाही विचार करू दे.” दिवसाचा शेवटचा तास झाला की मात्र त्या खोलीचं दार आतून लोटून घ्यायच्या. आत काय करतात, असं मी शिपायाला कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी परवचा पुन्हा सुरू केला. तपासणीनंतर करावाच लागला. अर्धा तास टॅब, अर्धा तास तोंडी पाठांतर आणि पाटीवर लेखन. बाईंनी मागितला होता तोच अर्धा. नव्या वर्गशिक्षिकेने मनापासून घेतला आणि दोन वर्षांत मुलं पुन्हा वाचायला लागली. पट टिकला. तालुक्यात बोलबाला झाला. एका संस्थेने माझा सत्कार केला, शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात लिहिलं होतं, ‘तंत्रज्ञान आणि परंपरा यांचा समतोल साधणारे दूरदृष्टीचे मुख्याध्यापक’. भाषणात मी म्हणालो, “दाखवायचं ते पडद्यावर दाखवावं, बसवायचं ते तोंडात आणि हातातच बसवावं लागतं.” ते मी ठरवून बोललो नव्हतो, तोंडातून आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई शिक्षकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या.

ते वाक्य आजही शाळेच्या प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. खाली माझं नाव आहे.

बाई निवृत्त झाल्या, मीही झालो. मांजर्लीचं घर विकून त्या शिरगावला मुलाकडे राहायला गेल्या. मी बेलवलीत, त्या पलीकडे पूर्वेला, मधे रिक्षाने जाण्याइतकं अंतर. दर वर्षी वाटायचं, एकदा जावं आणि बोलून टाकावं. दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी गुडघे, कधी नातवंडांच्या परीक्षा, कधी नुसताच कंटाळा म्हणून ज्याला नाव द्यावं असं काहीतरी. मग कळलं की बाईंना ऐकू येईनासं झालं आहे. ते ऐकून मी जो उठलो तो गेलो.

सुनेने दार उघडलं. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, पण मला बघून चेहरा उजळला. “सर! अहो, या, या. बसा. आता मला काही ऐकू येत नाही बरं का. जन्मभर पोरांचे आवाज ऐकले, कोटा संपला.” आणि स्वतःच हसल्या.

मी खिशातून पेन काढू लागलो तशी सून म्हणाली, “काका, लिहायची गरज नाही. तुम्ही नुसतं बोला.” तिने एक टॅब आणून छोट्या उशीवर बाईंसमोर ठेवला. त्यात आपण बोललेलं मोठ्या मराठी अक्षरांत उमटायचं आणि बाई ते वाचायच्या. सून म्हणाली, “आईंनीच शोधून काढलंय हे. मला शिकवलं त्यांनी.” आणि चहा ठेवायला आत गेली.

बाई टॅबवर पदर फिरवत माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बघा सर. जमलं की मला नव्याचं.”

त्या नुसत्या थट्टेने म्हणाल्या की ती बैठक आठवून म्हणाल्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. चेहरे फसवतात असं त्याच म्हणायच्या. मी पुढे वाकलो. “बाई, त्या बैठकीत मी” एवढं म्हणालो आणि ते शब्द पांढऱ्या पडद्यावर काळ्याभोर, ठसठशीत उमटले. तोंडातून निघालेलं वाक्य हवेत विरतं, अशी माझी आयुष्यभराची खात्री होती. इथे ते समोर उभं राहिलं होतं आणि त्याच्यापुढे एक बारीक रेघ उघडझाप करत उरलेलं मागत होती. बाईंनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

माझे ओठ हलले. मला ते जाणवत होतं. पडद्यावर मात्र पुढचं एकही अक्षर उमटलं नाही.

बाईंनी डोळे मिटले. अर्धवट वाक्याच्या पलीकडून हात पुढे करून माझ्या खांद्यावर ठेवला. “पुन्हा म्हणा, सर. मी थांबलेय.”

आतून कपबशांचा आवाज आला. सून चहा घेऊन बाहेर येत होती. मी म्हणालो, “बाई, तब्येतीला जपा.” ते लगेच उमटलं, एकही चूक न होता. बाईंनी डोळे उघडले, वाचलं, मान हलवली आणि खांद्यावरचा हात काढून घेतला. आम्ही चहा घेतला. पुरात वाहून गेलेल्या तक्त्यांच्या गोष्टी निघाल्या. निघताना मी “पुन्हा येतो” असं म्हणालो, तेही पडद्यावर आलं.

पुन्हा गेलो नाही. पावसाळा उलटू दे, मग जाऊ, असं घरात म्हणत होतो. पावसाळा उलटायच्या आत शाळेच्या ग्रुपवर बाईंचा फोटो आला. शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी पुन्हा डोळे मिटून शिकवण्याची गोष्ट सांगितली. प्राची आली होती. आता ती स्वतः डी.एड. करते आहे. सभा संपल्यावर माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “सर, भिंतीवरचं तुमचं वाक्य मी माझ्या पाठ टाचणात पहिल्या पानावर लिहिलंय.” मी तिला आशीर्वाद दिला.

संपादक मंडळाला दोन विनंत्या आहेत. भिंतीवरच्या त्या वाक्याखालून माझं नाव पुसून टाकावं आणि तिथे बाईंचं लिहावं. हा लेख छापलात तर त्याची एक प्रत प्राचीला द्यावी.

आणि बाई, शिरगावच्या त्या खोलीत तुमच्या पडद्यावर जे वाक्य अर्धं राहिलं ते असं होतं. त्या बैठकीत मी खोटं बोललो. परवचा मी बंद केला होता. तुम्ही अर्धा तास मागितला होता आणि मी दिला नाही. मला माफ करा.